माझ्याशिवायची सफारी

आमचं तिघांचं घर दोन ठिकाणी आहे. बायको आणि मुलगी दुबईत, ऊद मेथाला. बायको तिथल्याच एका शाळेत गणित शिकवते, घरापासून चालत सात मिनिटांवर. मी रुवैसला, साडेतीनशे किलोमीटर लांब, कंपनीने दिलेल्या एका खोलीत. शुक्रवारी दुपारी निघायचं, संध्याकाळी घरी पोचायचं, आणि रविवारी चार वाजले की पुन्हा गाडीत बसायचं. अकरा वर्षं असंच चाललंय. मुलगी सहा वर्षांची होती तेव्हापासून मी तिचा शनिवार-रविवारचा बाप आहे.

मी रुवैसच्या गॅस प्लांटवर एका कंत्राटदार कंपनीत मेंटेनन्स प्लॅनर आहे. कुठलं यंत्र कधी बंद करायचं, कितीजण लागतील, कुठला पार्ट आधी मागवायचा, याचे तक्ते करणं हा माझा धंदा. घरीही मला त्याशिवाय सुचत नाही, अशी बायकोची तक्रार असते.

यंदा जानेवारीत मुलीला कॅनडातल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. ऑगस्टच्या शेवटी जायचं होतं. त्या शनिवारी जेवताना बायको म्हणाली, "ती जायच्या आधी तिघंजण कुठेतरी जाऊ या. नीट, आठ दिवस. भारतात नको, तिथे गेलं की लोकांच्या घरी चहा पिण्यातच सुट्टी संपते."

"कुठे जायचं?" मी मुलीला विचारलं.

"एनीव्हेअर इज फाइन," ती म्हणाली. मग भात कालवता कालवता, मान वर न करता, "यू हॅड प्रॉमिस्ड आफ्रिका."

मी खरंच कबूल केलं होतं. ती तिसरीत असताना. समुद्राच्या काठावर जंगली प्राणी येतात असा एक कार्यक्रम तिने टीव्हीवर पाहिला होता आणि तिथे जाऊ या म्हणून माझ्या मागे लागली होती. पुढच्या वर्षी जाऊ, असं मी म्हणालो होतो. त्यानंतरही मी ते दोन-तीनदा म्हणालो असेन. नंतर तिने विचारणं सोडलं, आणि तिने विचारणं सोडलंय हे माझ्या लक्षातच आलं नाही.

त्याच दुपारी मी लॅपटॉप उघडला. टांझानियाच्या किनाऱ्यावर सादानी नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. एका बाजूला गवताळ रान आणि दुसऱ्या बाजूला थेट समुद्र. मधे वामी नावाची नदी येऊन मिळते, तिच्यात पाणघोडे आणि मगरी. जिराफ, म्हशी, हरणं चरत चरत पार वाळूपर्यंत येतात. तंबूत राहायचं. दुबईहून दार-एस-सलाम विमानाने साडेपाच तास, पुढे गाडीने पाच तास. मुलीला फोटो दाखवले. ती खुर्चीच्या पाठीवरून वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, हेच. दिस वन."

तिने वाक्याची सुरुवात मराठीत केली, एवढ्यावरून मी ओळखलं की तिला मनापासून जायचंय.

मग मी कामाला लागलो. आधी वाटलं होतं एप्रिलमध्ये जावं, बारावीची परीक्षा संपलेली असेल. पण एप्रिल-मेमध्ये तिकडे धो धो पाऊस असतो, काळी माती अशी चिकट होते की गाड्या रुततात, बरेचसे कॅम्प बंदच असतात. जूनमध्ये बायकोची शाळा. शेवटी जुलैचा पहिला आठवडा ठरला. दार-एस-सलामचा एक गाइड सापडला, स्वतःची जीप असलेला. त्याच्याशी व्हॉट्सअ‍ॅपवर चार महिने माझा पत्रव्यवहार चालला. गाडीला जादा टायर किती? कॅम्पला जनरेटर आहे का? बायको मांसाहार करत नाही, चालेल का? भरती-ओहोटीच्या वेळा काय? माझ्या प्रत्येक यादीला त्याचं उत्तर एकच: "हकुना शिदा, माय फ्रेंड." म्हणजे काही अडचण नाही. मला त्याचा राग यायचा. मी सत्तावीस प्रश्न विचारतो आणि हा माणूस दोन शब्दांत सगळे निकालात काढतो.

माझी एक फाइल तयार झाली. कपडे खाकी किंवा फिके, पायात बंद बूट. काळा आणि गडद निळा नको, त्या रंगांवर तिथली त्सेत्से माशी येते. प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, त्या देशात बंदी आहे. मलेरियाच्या गोळ्या निघायच्या आधी सुरू करायच्या. थर्मामीटर, ओआरएस, क्रोसिन. मेतकूट, लाडू, थेपले. तिघांचे ई-व्हिसा. माणशी सहा हजार दिरहम, म्हणजे जवळजवळ दीड लाख रुपये, असं बायको मोठ्याने म्हणाली आणि मग स्वतःच म्हणाली, "जाऊ दे, एकुलती एक आहे."

फाइलला त्या दोघी हसायच्या. पण एका शनिवारी मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने दिवसवार कार्यक्रम स्वतः वाचून काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी नदीत बोट, संध्याकाळी किनाऱ्यावर चालत जायचं. "आपण तिघं चालत जाणार?" तिने विचारलं. मी म्हटलं, गाइड असेल बरोबर. "ओके," ती म्हणाली आणि तिथेच बसून राहिली. दोघं अर्धा तास तरी नकाशा बघत होतो. तिच्याशी एवढा वेळ सलग बोलल्याला किती महिने झाले होते, मला आठवेना.

निघायला आठ दिवस राहिले असताना आमच्या युनिटमधला मोठा कॉम्प्रेसर बंद पडला.

असं होतं कधीकधी. ठरवून बंद करणं वेगळं, त्याचा तक्ता मी वर्षभर आधी करतो. हे न ठरवता झालेलं. उघडून पाहिलं तर आतलं नुकसान अंदाजापेक्षा बरंच जास्त निघालं. दुपारी मॅनेजरने आम्हा सगळ्यांना बोलावलं. मॅनेजर इजिप्तचा, स्वभावाने चांगला, मोठ्या आवाजाचा. त्या दिवशी मात्र हळू बोलत होता.

"ऑल लीव्ह, खलास," तो म्हणाला. "सॉरी, हबीबी. युनिट सुरू होईपर्यंत कोणी हलायचं नाही."

मी तोंड उघडणार तेवढ्यात माझ्या शेजारचा फिटर फोरमन बोलला. केरळचा, तिशीतला मुलगा. त्याची बायको कोचीला बाळंतपणाला गेलेली, माझ्या रजेच्याच आठवड्यातली तारीख होती. मॅनेजरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि नुसती मान हलवली. त्याचीच रजा जिथे गेली, तिथे मी काय सांगणार होतो? की मला पाणघोडे बघायचेत?

संध्याकाळी बायकोला फोन केला. ती म्हणाली, "पुढे ढकलता येईल?"

मी ते सगळं बघून ठेवलं होतं. विमानाची तारीख बदलता येत होती, पण कॅम्प पुढे ऑगस्टच्या मध्यापर्यंत भरलेला. आणि युनिट कधी सुरू होईल, मला रजा कधी मिळेल, ते कोणीच सांगू शकत नव्हतं.

"तुम्ही दोघी जा," मी म्हटलं.

"तुझ्याशिवाय? मला तिथलं काय कळतं?"

"फाइल आहे की."

पलीकडून मुलीचा आवाज आला, "व्हॉट हॅपन्ड?" बायकोने फोनवर हात ठेवून तिला सांगितलं असावं. मी वाट पाहिली, ती फोनवर येईल, चिडेल, रडेल, तुम्ही नेहमी असंच करता म्हणेल. ती आली आणि म्हणाली, "इट्स ओके, बाबा. वी विल मॅनेज." तिची आधीपासूनच तयारी असल्यासारखं तिने ते म्हटलं. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मुलगी अजून अठरा पूर्ण नव्हती. बापाशिवाय परदेशी जायचं तर विमानतळावर बापाचं ना-हरकत पत्र विचारू शकतात, असं कुणीतरी बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपल्यावर मी रुवैसच्या बाजारातल्या टायपिंग सेंटरमध्ये गेलो. काउंटरवरच्या माणसाने मला काही न विचारता पत्र टाइप करायला घेतलं, त्याच्याकडे मसुदा तयारच होता. मी, अमुक क्रमांकाच्या पासपोर्टचा धारक, माझी मुलगी तिच्या आईबरोबर माझ्याशिवाय प्रवास करत आहे, यास माझी कोणतीही हरकत नाही.

"सर, सही," तो म्हणाला.

मी सही केली. त्याने शिक्का मारला, कागद स्कॅन करून मला पाठवला आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

शुक्रवारी त्या दोघी निघाल्या. शनिवारी संध्याकाळी फोटो आले. जीपच्या खिडकीतून काढलेला जिराफ, तंबूसमोर उभी बायको, माझी टोपी घातलेली मुलगी. रविवारी नदीतले पाणघोडे. पाण्यावर नुसते कान आणि नाकपुड्या. खाली मुलीने लिहिलं होतं, "देअर आर फॉर्टी वन. आय काउंटेड." मी शिफ्ट संपवून खोलीत बसून तो फोटो मोठा केला आणि मीही मोजायला लागलो. बावीसच्या पुढे मला दिसेनात.

सोमवारी जे झालं ते सांगण्याआधी एक सांगायला हवं. प्लांटच्या आत आम्हाला मोबाइल नेता येत नाही. गॅसचा धोका असतो. सकाळी सहाला गेटवर फोन कपाटात ठेवायचा, कुलूप लावायचं, आणि संध्याकाळी बाहेर पडताना घ्यायचा. मधे दुपारी उन्हाची सक्तीची सुट्टी असते, तेव्हाही आम्ही आतच, गार केलेल्या मोठ्या तंबूत आडवे पडलेले. अकरा वर्षं मी तसा फोन ठेवत आलोय, कधी विचारही केला नव्हता.

सोमवारी संध्याकाळी सहा वीसला मी कपाट उघडलं. बायकोचे तीन मेसेज होते.

नऊ चाळीस: "हिला ताप आहे. १०२. क्रोसिन दिली."

सव्वा अकरा: "१०३. उलटी झाली. काही पोटात राहत नाही. काय करू?"

बारा पाच: "गाइड म्हणतो गावात दवाखाना आहे. तिकडे नेतोय. इथे रेंज"

वाक्य तिथेच तुटलं होतं. त्यानंतर सहा तास काही नाही.

मी गेटसमोरच्या पार्किंगमध्ये उभा होतो. बस भरत होत्या, माणसं माझ्या बाजूने जात होती. बायकोला फोन लावला, बंद. मुलीला, बंद. गाइडला, बंद. मेसेज टाकला, त्याच्यापुढे एकच टिक आली आणि तशीच राहिली. "काय करू" असं तिने मला विचारलं होतं, आणि ते विचारलं तेव्हा मी एका पाइपच्या सावलीत उभा राहून बोल्टांचा हिशेब तपासत होतो.

दार-एस-सलामच्या टूर ऑफिसला फोन लावला. एका बाईंनी उचलला. मी इंग्रजीत सगळं भराभरा सांगितलं. त्यांनी मधे न बोलता ऐकून घेतलं.

"पोले साना, सर," त्या म्हणाल्या. फार वाईट वाटलं, असा त्याचा अर्थ, त्यांनीच सांगितलं. "तिकडचा टॉवर दुपारपासून बंद आहे. आमचाही संपर्क नाही. गाइड अनुभवी आहे, काळजी घेईल."

"तुम्ही दुसरी गाडी पाठवू शकता का?"

"गाडी पोचेपर्यंत अंधार पडेल, सर. उद्यानाचं गेट बंद होतं. सकाळी पाठवू."

मला माझी सत्तावीस प्रश्नांची यादी आठवली. टॉवर बंद पडला तर, हा प्रश्न त्यात नव्हता.

मॅनेजर गाडीकडे जात होता. माझा चेहरा पाहून थांबला. मी फोन त्याच्यासमोर धरला, मग लक्षात आलं की मेसेज मराठीत आहेत. तोंडाने सांगितलं. "माय डॉटर. मलेरिया, मेबी."

तो जोरात म्हणाला, "मग इथे काय करतोस? यल्ला, गो! कॉम्प्रेसर मी बघतो."

खोलीवर जाऊन मी पाच मिनिटांत बॅग भरली. पासपोर्ट घेतला. माझा व्हिसा फोनमध्ये होताच. गाडी काढली आणि अबू धाबीच्या रस्त्याला लागलो. गाडी चालवता चालवता मनात गणित चाललं होतं. दुबईच्या विमानतळापर्यंत साडेतीन तास. पहिलं विमान सकाळी. साडेपाच तास. तिथून जीप मिळाली तर पाच तास. म्हणजे उद्या संध्याकाळ. एकशे तीन ताप असलेल्या मुलीजवळ मी उद्या संध्याकाळी पोचणार होतो. जे व्हायचं ते तोवर होऊन गेलेलं असणार होतं. तरी मी चालवत होतो, कारण थांबलो असतो तर काय करायचं तेच मला कळलं नसतं. गाडीत गणपतीची छोटी मूर्ती आहे, बायकोने लावलेली. मी नास्तिक नाही, पण मागणारा माणूसही नाही. त्या रस्त्यावर मी मोठमोठ्याने मागत होतो. काय म्हणत होतो ते इथे लिहवत नाही.

तासाभराने एका पेट्रोल पंपावर थांबलो. पेट्रोल होतं, पण तिघांना पुन्हा एकदा फोन लावून बघायचा होता. पंपावरच्या माणसाने काच वाजवली. "फुल, सर?" मी मान हलवली. तो नळी लावत असताना फोन वाजला. बायकोचा आवाजी मेसेज.

"अरे, सगळं ठीक आहे. रेंज आत्ता आली, कधी जाईल सांगता येत नाही. गावात लहानसा सरकारी दवाखाना आहे. नर्स होती, मग डॉक्टर आले सायकलवरून. बोटाचं रक्त घेऊन मलेरियाची टेस्ट केली, निगेटिव्ह. ते म्हणाले, दोन दिवसांत मलेरिया होतच नाही, आठवडा तरी लागतो. टॉन्सिल सुजलेत. इंजेक्शन दिलं, औषध दिलं. आता शंभर आहे. पेज मागतेय. मी मेतकूट-भात करून घेतला कॅम्पवर. तू जेवलास का?"

मी तो मेसेज चार वेळा ऐकला. मलेरियाला किमान आठवडा लागतो, हे माझ्याच फाइलमध्ये लिहिलेलं होतं, मलेरियाच्या गोळ्यांच्या खाली, मीच टाइप केलेलं. एकदाही आठवलं नाही.

पंपावरच्या माणसाला पैसे दिले आणि गाडी बाजूला लावली. आता पुढे जाऊन करायचं काय? उद्या संध्याकाळी तिथे पोचलो असतो तेव्हा ती बरी होऊन वाळूवर फिरत असती, आणि बापाला बघून तिला पहिली भीती वाटली असती. इकडे फोरमन कोचीच्या बातमीची वाट बघत रोज कॉम्प्रेसरवर उभा राहत होता. मी बायकोला लिहिलं, "जेवलो. तिला पाणी पाजत राहा." गाडी वळवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी गेटवर फोन कपाटात ठेवला. मॅनेजरने भुवया उंचावून विचारलं. मी म्हटलं, "टॉन्सिल्स." त्याने दोन्ही हात वर करून "अल्हमदुलिल्ला" म्हटलं आणि मला मिठी मारली. फोरमनला त्या दिवशी दुपारी मुलगी झाली होती, हे त्याला आमच्याबरोबरच संध्याकाळी गेटवर कळलं. आम्ही त्याचं अभिनंदन केलं. तो फोनमधला बाळाचा फोटो सगळ्यांना दाखवत फिरत होता.

गुरुवारी त्या दोघी परतल्या. मी आणायला नव्हतो. युनिट सुरू व्हायला आणखी दहा दिवस लागले, मग मला तीन दिवस मिळाले. घरी पोचलो तोवर त्या सफारीची गोष्ट सांगून सांगून गुळगुळीत झालेली होती. शेजाऱ्यांना, शाळेतल्या मैत्रिणींना, पुण्याला आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर. मला ती जेवताना पाच मिनिटांत सांगितली गेली. शेवटच्या दिवशी मुलगी बरी होती, ओहोटीला तिघं किनाऱ्यावर चालत गेले होते. ती, बायको आणि गाइड. ओल्या वाळूवर म्हशींच्या खुरांचे ठसे होते, लाटेच्या अगदी कडेपर्यंत. गाइडने तिला स्वाहिलीत दहापर्यंत आकडे शिकवले. बायकोने कॅम्पच्या स्वयंपाक्याला फोडणी शिकवली.

"आणि हिने मला काय सांगितलं माहितीये?" बायको म्हणाली. "तापात पडलेली होती तेव्हा. म्हणाली, बाबांना मेसेज करू नकोस."

"आई!" मुलगी म्हणाली.

"का?" मी विचारलं.

मुलीने पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला. "बिकॉज यू कान्ट डू एनीथिंग फ्रॉम देअर," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, शब्द जुळवत, मराठीत: "तुम्हाला उगाच त्रास झाला असता ना."

ती रागाने बोलली नव्हती. माझी काळजी करून बोलली होती, आणि ते खरं होतं. बायकोने मला आणखी एक पोळी वाढली.

"मग काय केलंत तुम्ही?" मुलीने विचारलं. "मेसेज बघितल्यावर?"

पेट्रोल पंपाचं ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर बायकोला रडू आलं असतं, आणि मुलीला वाटलं असतं की तिच्यामुळे.

"काय करणार?" मी म्हटलं. "गेटवर थांबलो थोडा वेळ. मग तुझ्या आईचा मेसेज आला."

तिने मान डोलावली आणि फोनमध्ये म्हशींच्या ठशांचा फोटो शोधून माझ्यापुढे धरला. ठसा केवढा होता ते कळावं म्हणून तिने शेजारी आपला पाय ठेवून फोटो काढला होता. पायात जुन्या पांढऱ्या सपाता होत्या. मी तिला विचारलं, बूट का नाही घातलेस? ती म्हणाली, ते ओले झाले होते.